गॅस गिझर सहा-सात मिनिटांत बंद: फ्लूचा सेन्सर बदलू की आणखी काही?

खिडकीपाशी · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. दादर, जुनी इमारत, तिसरा मजला. पाइप गॅसवरचा ६ लिटरचा गिझर स्वयंपाकघरालगतच्या ड्राय बाल्कनीत आहे. बाल्कनीला सरकत्या काचा आहेत, पावसामुळे सध्या बंदच असतात. धुराचा पाइप (फ्लू) वरच्या काचेतून डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या मोकळ्या पोकळीत, सोडलाय. गिझरला पंखा नाही, दोन सेलवर चालणारा साधा प्रकार.

सुरू होतो झकास. ज्योत निळी, पाणी हवं तेवढं गरम. सहा-सात मिनिटांनी 'टक' आवाज येतो आणि बंद. डिस्प्लेवर कोड येतो, झाकणाच्या आतल्या स्टिकरवर त्या कोडपुढे 'फ्लू टेंपरेचर' असं लिहिलंय. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू. सकाळी हे हमखास होतं. रविवारी दुपारी गोधड्या भिजवायला बराच वेळ चालवला तेव्हा मात्र एकदाही नाही.

मेकॅनिक म्हणतो सेन्सर गेलाय, पार्ट यायला आठवडा लागेल, तोवर दोन वायरी जोडून 'डायरेक्ट' करून देतो. करू का?

पाना_पक्कड · सोमवार, रात्री ९:३८

डायरेक्ट अजिबात करू नका. तो सेन्सर म्हणजे साधा स्विच, आधी तो बसतो कुठे ते समजून घ्या, म्हणजे का नको ते कळेल.

बिनपंख्याच्या गिझरला वरती पत्र्याचा एक हुड असतो. खालून धूर येतो, हुडातून वर पाइपात जातो. हुड खालच्या कडेला मुद्दाम उघडा ठेवलेला असतो, तिथून खोलीतली थोडी थंड हवा आत ओढली जाते आणि धुराबरोबर वर जाते. आपला स्विच त्या उघड्या कडेपाशी स्क्रूने बसवलेला असतो. रुपयाच्या नाण्याएवढी चकती, मागे दोन पिना. सगळं ठीक असताना त्याच्यावरून थंड हवा वाहते, तो तापतच नाही. पाइप ओढायचा थांबला की धूर उलटा फिरून त्या कडेतून घरात येतो. वाटेत हा स्विच असतो, तो तापतो आणि गॅस तोडतो.

म्हणजे स्टिकरवर 'फ्लू टेंपरेचर' असलं तरी 'फ्लू फार तापला' असा त्याचा अर्थ नाही. धूर नको तिथून बाहेर पडतोय, असा आहे. वायरी जोडल्यात तर गिझर चालेल आणि धूरही घरात येत राहील. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो.

चहा_कमी_साखर · सोमवार, रात्री ९:४१

इलेक्ट्रिक घ्या. विषय संपला.

ड्युटी_संपली · सोमवार, रात्री ९:४३

तुमचा संपला, धागा आत्ता कुठे सुरू झालाय.

तिसरी_गल्ली · सोमवार, रात्री १०:२०

पाना_पक्कड यांचं तत्त्व बरोबर, पण सेन्सरला लगेच निर्दोष सोडू नका. दादर, माहीम, वरळी, वर्सोवा या पट्ट्यात खारी हवा आहे. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर धरतो, लग (वायरीच्या टोकाची धातूची पकड) सैल होते, गरम झाल्यावर संपर्क तुटतो. कोड तोच येतो. मल्टिमीटर असेल तर पाच मिनिटांचं काम आहे:

गॅसचा कॉक बंद, सेल काढा, झाकण काढा. स्विचच्या दोन्ही वायरी सुट्या करून पिनांवर मीटर लावा. थंड असताना जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. दहा-वीस ओहम दाखवत असेल किंवा आकडा नाचत असेल तर स्विच खराब. मग स्विचवर हेअर ड्रायर मारा. छापलेल्या तापमानाच्या आसपास 'टक' होऊन सर्किट तुटलं पाहिजे आणि गार झाल्यावर परत जुळलं पाहिजे. काही स्विचना मध्ये लहान बटण असतं, ते दाबल्याशिवाय जुळत नाहीत.

बदलायचाच झाला तर अंगावरचा आकडा बघून तोच आणा. ८५ अंशांच्या जागी ११० चा लावणं म्हणजे वायरी जोडण्याचाच सभ्य प्रकार.

पंखेवाला गिझर असलेल्यांसाठी: तुमच्याकडे बहुधा चकती नसून एनटीसी सेन्सर असतो, तापेल तसे त्याचे ओहम उतरतात. सर्रास वापरात असलेला १० किलोओहमचा असेल तर २५ अंशाला १० किलोओहम, ३० ला ८ च्या आसपास, ५० ला ४ च्या आसपास. गरम पाण्यात बुडवून आकडा सावकाश उतरतो का बघा. मध्येच उडी मारत असेल तर सेन्सर गेला. त्या प्रकारात हवेच्या दाबाचा स्विच आणि त्याची सिलिकॉनची बारीक नळीही तपासा. नळीत पाण्याचा थेंब अडकला की पंखा फिरतो, पण ठिणगीच पडत नाही.

पाना_पक्कड · सोमवार, रात्री १०:३१

+१, मीटर लावायलाच हवा. पण सैल लग वेळापत्रक पाळत नाही, ती कधीही तुटते. इथे रोज सकाळी सहा-सात मिनिटं आणि रविवारी दुपारी काहीच नाही. याचं उत्तर स्विचमध्ये सापडेल असं वाटत नाही.

प्रश्नचिन्ह · सोमवार, रात्री १०:५०

एक बाळबोध शंका. आमचाही गिझर मध्येच बंद होतो, कोड वगैरे काही येत नाही. तोही फ्लूच समजायचा का?

उष्मांक · सोमवार, रात्री ११:१५

@प्रश्नचिन्ह, शंका बाळबोध नाही. गिझर मध्येच बंद होण्याची चार वेगळी कारणं लोक एकाच टोपलीत टाकतात.

बरोबर वीस मिनिटांनी बंद झाला आणि नळ बंद करून उघडताच लगेच पेटला तर तो टायमर. पुष्कळ मॉडेलमध्ये सुरक्षेसाठी असतो, बिघाड नव्हे. ठिणगीची टिकटिक मंद पडली असेल, पेटून दोन-तीन सेकंदांत विझत असेल तर सेल उतरलेत किंवा ज्योत ओळखणाऱ्या कांडीवर काजळी आहे. सेल दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना नको.

पाणी कढत होऊन बंद पडत असेल तर पाण्याच्या बाजूचा थर्मोस्टॅट. मुंबईत हे फार होतं आणि हिशोब सोपा आहे. ६ लिटरचा गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो, म्हणजे मिनिटाला १५० किलोकॅलरी. वरच्या मजल्यावर टाकीचा दाब कमी, शॉवरची जाळी तुंबलेली, पाणी येतं ३ लिटर. तेवढ्याच उष्णतेत ते ५० अंशांनी तापणार. सध्या नळाचं पाणी २८ अंश धरलं तर बाहेर ७८. थर्मोस्टॅट तोडणारच. उपाय: 'समर' खटका लावा, ज्योत कमी करा, जाळी साफ करा.

पाणी नेहमीइतकंच गरम, ज्योत ठीक, तरी काही मिनिटांनी बंद आणि गार झाल्याशिवाय सुरूच होत नाही, हा चौथा प्रकार. धागाकर्तींचा तोच.

बंबवाली_आजी · मंगळवार, सकाळी ७:०५

वाचून गंमत वाटली. तांब्याच्या बंबाला हे सगळं होतंच की. मधोमध नळकांडं, भोवती पाणी, खाली जाळी, वर धुराडं. करवंट्या घातल्या की भडभड पेटायचा. न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि खालचं राखेचं तोंड तुंबलं की धूर थेट डोळ्यांत. कोड नव्हता, खोकला होता.

ड्युटी_संपली · मंगळवार, सकाळी ७:३०

आजी, खोकला हाच मूळ फ्लू सेन्सर. बदलायला आठवडा लागत नाही.

उष्मांक · मंगळवार, सकाळी ८:१०

आजींनी विनोदात मुद्दा सांगून टाकला. बंबाच्या धुराने डोळे चुरचुरायचे म्हणून माणूस दार उघडायचा. निळ्या ज्योतीचा धूर डोळ्यांना लागत नाही, हीच अडचण.

मीठबंदर · मंगळवार, सकाळी १०:४०

पाइपाचा उतार तपासा. धुराचा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकलेला हवा, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं.

पाना_पक्कड · मंगळवार, सकाळी ११:०२

@मीठबंदर, हे पंखेवाल्या गिझरला लागू. तिथे पंखा ढकलतो, म्हणून बाहेर उतार चालतो. बिनपंख्याच्या गिझरमध्ये धूर आपल्या हलकेपणावर वर चढतो, त्याला कुठेही खाली उतरायला लावायचं नाही. हुडापासून आधी सरळ उभा पाइप, जमेल तर दोन फूट, मग वाकण आणि तिथून पुढेही चढच. पावसासाठी टोकाला टोपी. ॲल्युमिनियमचा घडीचा पाइप वापरला असेल तर तो मध्ये झोळीसारखा लोंबतो, त्या पोटात धुरातली वाफ गार होऊन पाणी साचतं आणि रस्ता अर्धा बंद होतो. हाताने खालून चाचपून बघा, जड लागतो.

मीठबंदर · मंगळवार, सकाळी ११:१०

मान्य. माझ्या डोक्यात पंखेवालाच होता.

तिसरी_गल्ली · मंगळवार, दुपारी १:२५

आणखी दोन गोष्टी, एकदाच सांगून मोकळा होतो.

जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं. सिलिंडरवरचा गिझर पाइप गॅसवर आणताना जेट बदलावे लागतात. पाइपातला गॅस घरात साधारण २१ मिलिबारने येतो, सिलिंडरचा ३० च्या आसपास, शिवाय तेवढ्याच आकारमानात सिलिंडरच्या गॅसमध्ये दुपटीहून जास्त उष्णता. म्हणून पाइप गॅसचं भोक मोठं. कंपनीचे जेट न आणता जुन्यालाच हाताने ड्रिल मारणारे महाभाग आहेत. भोक मोठं झालं की ज्योत उंच, टोकं पिवळी, कॉइलच्या (पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या नळीच्या) पातळ पत्र्यांवर काजळी, काजळीने रस्ता अडतो आणि धूर हुडातून खाली.

क्षार. महापालिकेचं पाणी तलावाचं, मऊ. त्याने कॉइल लवकर भरत नाही. टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर भरते. लक्षण: ज्योत तेवढीच, पाणी आधीपेक्षा कोमट, धूर जास्त तापलेला. कॉइल उतरवून लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (वाण्याकडचं लिंबूफूल, तुरटी नव्हे) असं द्रावण भरून अर्धा-पाऊण तास ठेवा. बुडबुडे थांबले की भरपूर पाण्याने धुवा. फरशी पुसायचं ॲसिड नको, तांबं आणि डाख दोन्ही खातं.

गॅसच्या बाजूचं काहीही, जेट, व्हॉल्व्ह, रबरी नळी, हे कंपनीच्या माणसाकडूनच. पाण्याची आणि धुराची बाजू घरी बघता येते.

उष्मांक · मंगळवार, रात्री ९:२०

दिवसभर तो रविवार डोक्यात होता. @खिडकीपाशी, सकाळी गिझर चालतो तेव्हा स्वयंपाकघरातली चिमणी चालू असते का? डब्याची वेळ असणार. रविवारी दुपारी ती बंद असेल.

असेल तर गणित असं. हा गिझर तासाला सुमारे सव्वा घनमीटर गॅस जाळतो. एक घनमीटर गॅसला साधारण दहा घनमीटर हवा लागते, म्हणजे बारा-तेरा. हुडात मिसळणारी धरून दुप्पट-तिप्पट म्हणा. चिमणीवर तासाला हजार घनमीटर लिहिलेलं असतं, बसवल्यावर पाइप-वाकणं धरून निम्मं, पाचशे घनमीटर. गिझर मागतो तीस-चाळीस, चिमणी ओढते पाचशे. सगळ्या काचा बंद असतील तर ती हवा आणायची कुठून? घरातलं सगळ्यात मोठं उघडं भोक कोणतं? गिझरचा धुराचा पाइप.

आणि त्या पाइपाची ताकद किती? मीटरभर उंचीत १२० अंशांचा धूर आणि बाहेर २८ अंशांची हवा, यातून मिळते जेमतेम अडीच पास्कल ओढ. म्हणजे पाव मिलिमीटर उंचीचं पाणी उचलेल एवढी. बंद घरातली चिमणी याच्या कितीतरी पट ओढते. कुस्तीच नाही ही.

चहा_कमी_साखर · मंगळवार, रात्री ९:२६

बरं, इलेक्ट्रिक मागे घेतो.

पाना_पक्कड · मंगळवार, रात्री ९:४५

उष्मांक, शाबास. आता सिद्ध करायला उदबत्ती लागेल. दोघांनी मिळून करा, मुलांना बाहेरच्या खोलीत ठेवा, बाल्कनीत डोकं घालून उभं राहू नका.

चिमणी बंद, काचा बंद. गिझर पेटवून पाच मिनिटं थांबा, पाइप तापू द्या. पेटती उदबत्ती हुडाच्या खालच्या कडेपासून बोटभर अंतरावर धरून सगळ्या बाजूंनी फिरवा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग चिमणी पूर्ण वेगाने चालू करून परत फिरवा. धूर तुमच्याकडे आला तर उत्तर मिळालं. खात्रीसाठी फ्रिजमधली स्टीलची थाळी कडेसमोर धरा. धुरात भरपूर वाफ असते, थाळीवर लगेच दव धरेल. तिसरी फेरी चिमणी चालू आणि काच अर्धी उघडी.

लगे हाथ पाइपाचं डक्टातलं टोकही बघा. जाळी लावली असेल तर धूळ-तेलाने बुजते, नसेल तर कबुतरं आहेतच.

खिडकीपाशी · बुधवार, सकाळी ९:५०

केलं सगळं. सकाळी चिमणी चालूच असते, बरोबर ओळखलंत.

मीटर: थंड असताना ०.३ ओहम, स्थिर. ड्रायरने तुटला, गार झाल्यावर जुळला. अंगावर ८५. लगवर थोडा हिरवा थर होता, सँडपेपरने घासला.

चिमणी बंद, काचा बंद: धूर आत, पंधरा मिनिटं व्यवस्थित.
चिमणी चालू, काचा बंद: अर्ध्या मिनिटात उदबत्तीचा धूर सरळ बाहेर, थाळी ओली, सहाव्या मिनिटाला टक.
चिमणी चालू, काच अर्धी उघडी: बंद पडला नाही, पण धूर एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने मध्येच बाहेर, डळमळीत.

टोकापाशी काड्या आणि दोन पिसं निघाली. अंडी नव्हती, नाहीतर घरात वेगळा वाद झाला असता.

तिसरी_गल्ली · बुधवार, सकाळी १०:१५

०.३ म्हणजे स्विच ठणठणीत. माझा संशय मागे. मेकॅनिकला पार्ट मागवू नका म्हणून सांगा.

उष्मांक · बुधवार, सकाळी १०:४०

काच अर्धी उघडून पहिला प्रश्न सुटला. लोक इथे चार इंची झडप बसवतात आणि फसतात, म्हणून आकडा देतो. १० बाय १० सेंमीच्या भोकातून चिमणीची पाचशे घनमीटर हवा यायची तर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर वेगाने यावी लागेल. येत नाही, उरलेली धुराच्या पाइपातूनच येते. अर्धी काच साधारण ०.३ चौरस मीटर धरली तर तोच वेग अर्धा मीटर. पावसाची झड येत असेल तर वरच्या बाजूला तिरप्या पट्ट्यांची खिडकी बसवा, ती कायम उघडी. तिच्यावर पारदर्शक पत्रा ठोकायचा नाही. तोवर घरात नियम: गिझर चालू तर चिमणी बंद.

डळमळीत राहतंय ते पाइपामुळे. हुडापासून पहिलं वाकण किती उंचीवर आहे?

खिडकीपाशी · बुधवार, सकाळी ११:०५

जेमतेम चार इंच. लगेच वळवून काचेतून बाहेर काढलाय. पाइपही हुडाच्या तोंडापेक्षा लहान वाटतोय, मध्ये पत्र्याचा सांधा करून चिकटपट्टी गुंडाळलीय.

पाना_पक्कड · बुधवार, सकाळी ११:१२

दोन्ही मोजून सांगा.

प्रश्नचिन्ह · बुधवार, सकाळी ११:४०

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून भागणार नाही का? पाइप वगैरे तोडफोड टळेल.

पाना_पक्कड · बुधवार, दुपारी १२:०५

अलार्म लावाच, पण पाइपाऐवजी नाही, पाइपासोबत. युरोपच्या ईएन ५०२९१ मानकाचा अलार्म हवेत दशलक्षांत ५० भाग असताना तास-दीड तासाने वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. म्हणजे थोडा थोडा धूर रोज येत असेल तर तो गप्प बसू शकतो. गिझरच्या डोक्यावर लावू नका, त्या खोलीत दोन-तीन मीटर दूर, पडद्याआड नको.

खिडकीपाशी · बुधवार, रात्री ८:३०

हुडाचं तोंड ९० मिमी. पाइप ७५.

उष्मांक · बुधवार, रात्री ८:३६

मग रस्ता जवळजवळ एक-तृतीयांश कमी झाला. तिथेच अडखळतोय.

पाना_पक्कड · बुधवार, रात्री ८:५०

९० चाच आणा, वाटेत कुठेही लहान नको. घडीचा ॲल्युमिनियम नको, सरळ कडक पत्र्याचा घ्या. हुडावर उभा दोन फूट, एक वाकण, चढता तुकडा, टोपी. टोक डक्टऐवजी उघड्या बाजूला काढता आलं तर फारच बरं. डक्टमध्ये वरच्या-खालच्या सगळ्यांचे एक्झॉस्ट येतात. सोसायटीला विचारा. चिकटपट्टी अजिबात नाही, ती तापून सुटते. सांधे खालचा वरच्यात नाही, वरचा खालच्यात बसवा, म्हणजे आतलं पाणी सांध्यातून बाहेर गळत नाही.

बंबवाली_आजी · बुधवार, रात्री ९:०२

आणि उदबत्ती चांगल्या वासाची घ्या. पुन्हा लागणारच आहे.

खिडकीपाशी · बुधवार, रात्री ९:१५

मोगऱ्याची होती आजी. उद्या दुपारी नागदेवी स्ट्रीटला जाते. ९० चा दोन फुटी, वाकण, तीन फुटी, टोपी. क्लॅम्प किती घेऊ?

पाना_पक्कड · बुधवार, रात्री ९:१८

तीन. एक उभ्या तुकड्याला, एक वाकणाच्या पुढे, एक बाहेर पडतो तिथे. आणि पाइप काचेच्या भोकात घट्ट बसवू नका, भोवती सिरॅमिक दोरी गुंडाळा, काच तडकते.